अंगठा घेतला, मत राहिलंच

जनगणनेचा प्रगणक दारात येतो तेव्हा एक प्रश्न तो इतक्या घाईत उरकतो की उत्तर देणाऱ्याला विचार करायला सवड मिळत नाही. घर स्वतःचं, भाड्याचं, की इतर? २०११च्या घरयादीत ३५ प्रश्न होते. भिंती कशाच्या, छप्पर कशाचं, संडास आत की बाहेर, स्वयंपाक कशावर, सायकल आहे का, टीव्ही आहे का. त्या गर्दीतच हाही. उत्तराला तीन आकडे, त्यांतला एक लिहायचा आणि पुढच्या दाराकडे वळायचं.

गिरगावातल्या आमच्या खोलीबद्दल माझ्या वडिलांनी एका जनगणनेत ‘स्वतःचं’ असं सांगितलं आणि पुढच्या जनगणनेत ‘भाड्याचं’. दोन्ही वेळा ते खरंच बोलले होते. खोली पागडीची, म्हणजे मालकाला एकरकमी पैसे देऊन कायमचा भाडेहक्क घेतलेली. आजोबांनी पागडी मोजून घेतलेली. भाडेपावती आधी त्यांच्या नावावर, मग वडिलांच्या. पावतीवरच्या रकमेत आज दोन माणसांचं साधं जेवण होणार नाही, पण पावत्यांची पुस्तकं आई दागिन्यांच्या डब्याशेजारी ठेवायची. खोली दुसऱ्याला द्यायची झाली तर येणाऱ्या पैशांतला तिसरा हिस्सा मालकाचा, हेही घरात सगळ्यांना पाठ. आता सांगा, कोणता आकडा लिहायचा?

बरं, हे एकट्या पागडीचं नाही. डोंबिवली-कल्याणकडे ‘हेवी डिपॉझिट’वर राहणारी कितीतरी कुटुंबं आहेत. घरमालकाला काही लाख एकरकमी द्यायचे, महिन्याचं भाडं नाही किंवा नावापुरतं, आणि सोडताना ते लाख परत. हे भाडं, कर्ज की गहाण? पोलीस वसाहतीतला हवालदार तीस वर्षं एकाच क्वार्टर्समध्ये काढतो आणि निवृत्तीच्या वर्षी त्याला कळतं की आपल्याला गाव सोडून पत्ताच नाही. झोपडपट्टीत माळ्यावर राहणारा माणूस खालच्याला भाडं देतो. खालचा स्वतःला मालक म्हणवतो आणि जमीन असते तिसऱ्याचीच. भोगवटा, ताबा, वहिवाट, कूळ, पागडी, पोटभाडेकरू, बिऱ्हाड. माणूस आणि जागा यांच्या नात्यासाठी मराठीत एवढे शब्द आहेत. सरकारी फॉर्मात तीन चौकटी.

राज्य सरकारने मे २०२५मध्ये नवं गृहनिर्माण धोरण मंजूर केलं. २००७नंतरचं हे पहिलंच. २०३०पर्यंत ३५ लाख घरं, ७० हजार कोटींची गुंतवणूक, आणि ब्रीदवाक्य ‘माझे घर, माझा अधिकार’. घरांची गरज आणि मागणी यांचं राज्यभर सर्वेक्षण करायचंही त्यात म्हटलं आहे. स्वागतच आहे. पण गरज मोजणं वेगळं, मागणी मोजणं वेगळं, आणि लोकांना कुठे, कोणत्या हक्काने आणि कशाच्या बदल्यात काय सोडून राहायचं आहे हे समजून घेणं आणखी वेगळं. पहिली दोन कामं आपण बरीवाईट करत आलो. तिसरं करतच नाही. लोकांना काय वाटतं हे आपल्याला ठाऊकच आहे, अशा थाटात धोरणं लिहिली जातात. सर्वांना स्वतःचं घर हवं, संपलं. माझं म्हणणं असं की ‘स्वतःचं घर’ हे उत्तर म्हणून ऐकण्यात आपली चूक होते. चौकशी तिथून सुरू व्हायला हवी.

एक आकडा पाहू, कारण आकड्यांच्या पोटातही न विचारलेले प्रश्न असतात. केंद्र सरकारने अमिताभ कुंडू यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या तांत्रिक गटाने २०१२ साली देशाच्या शहरांमध्ये १ कोटी ८७ लाख ८० हजार घरांचा तुटवडा असल्याचं सांगितलं. हा आकडा भाषणांतून खूप फिरला. पण बेघर कुटुंबं त्यात होती साधारण ५ लाख ३० हजार. जुनाट, मोडकळीला आलेल्या आणि कच्च्या घरांतली मिळून आणखी तीस-बत्तीस लाख. राहिलेली जवळपास दीड कोटी, म्हणजे पाचांतली चार, छप्पर डोक्यावर असलेली पण दाटीत राहणारी. लग्न झालेल्या जोडप्याला घरात वेगळी खोली नाही, ही त्या दाटीची एक खूण धरलेली होती.

चाळीत वाढलेल्या कुणालाही हे जोडपं माहीत आहे. त्यांच्यासाठी बाकीचं घर रात्री गॅलरीत झोपतं. पण या जोडप्याला नक्की काय हवं? वेगळं घर, की आहे त्याच घराला एक खोली जोडून? वेगळं असेल तर त्याच गल्लीत भाड्याने, की तासाभराच्या लोकलवर मालकीने? सासूला नातवंड सांभाळायला जवळ राहायचं आहे का? सुनेला तसं हवं आहे का? तुटवडा मोजणाऱ्याने ‘एक घर कमी’ अशी नोंद केली आणि धोरण लिहिणाऱ्याने ‘एक सदनिका बांधा’ असं वाचलं. मधलं सगळं संभाषण झालंच नाही. आणि त्याच काळात, २०११च्या जनगणनेत, देशाच्या शहरांत १ कोटी ११ लाख घरं रिकामी सापडली होती. हे दोन आकडे एकाच पानावर ठेवले की कळतं, फक्त बांधून हा प्रश्न सुटणारा नाही.

मुंबईत घराला घर क्वचितच म्हणतात. ‘जागा’ म्हणतात. मुलीसाठी स्थळ आलं की पहिला प्रश्न, जागा आहे का. आणि मग लगेच, ओनरशिपची आहे ना? या ‘ओनरशिप’ शब्दात काय काय भरलेलं असतं ते सुटं करून पाहिलं पाहिजे. आम्हाला कुणी ऊठ म्हणू नये, ही त्यातली पहिली आणि बहुधा सर्वांत जड गोष्ट. रेशनकार्डावर, शाळेच्या दाखल्यावर, आधारवर दर वर्षी बदलणार नाही असा पत्ता. म्हातारपणी विकून खाता येईल असं काहीतरी. बँकेत तारण. भिंतीला खिळा मारायला कुणाची परवानगी लागू नये. घरात मटण शिजवलं तर कुणी नाक मुरडू नये. आणि भावकीत, गावच्या जत्रेला गेल्यावर, मुंबईत जागा घेतली असं सांगता यावं. यांतल्या किती गोष्टींसाठी खरेदीखतच लागतं? पहिल्या दोन तर चांगल्या भाडेकायद्याने मिळू शकतात. नव्हे, मिळत होत्या. पागडीच्या खोलीत आमच्या तीन पिढ्यांना त्या मिळाल्या, म्हणून तर वडिलांच्या तोंडून ‘स्वतःचं’ आलं.

गोव्याने हा फरक कायद्यातच ओळखला होता. भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीवर घर करून राहणाऱ्या मुंडकाराला १९७५च्या कायद्याने आधी काय दिलं, तर हुसकावण्यापासून संरक्षण. कायद्याच्या नावातच ते आहे. घराखालची जमीन विकत घेण्याचा हक्क त्याच्या जोडीला आला. अंमलबजावणीचं रडगाणं गोव्यातल्या कुठल्याही मामलेदार कचेरीबाहेर ऐकायला मिळेल, पण विचार नेमका होता. बेदखल न होणं ही एक गोष्ट आणि मालक होणं ही दुसरी.

मुंबईत उलटं झालं, आणि ते का झालं हे समजल्याशिवाय आजची मतं समजणार नाहीत. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी सप्टेंबर १९४०च्या पातळीवर गोठवली. युद्धानंतरच्या टंचाईत ते गरजेचं होतं. पुढे ती गोठवणूक उठलीच नाही. मालकाने दुरुस्ती सोडली, इमारती खचू लागल्या, भाडं आणि बाजारभाव यांच्यातली दरी पागडीने भरून निघाली. मग लिव्ह अँड लायसन्सची, म्हणजे भाडेकरूचे हक्क न देता ठरावीक मुदतीपुरती राहण्याची परवानगी देणाऱ्या कराराची, पळवाट निघाली. त्यावर १ फेब्रुवारी १९७३ रोजी ताबा असलेल्या लायसन्सधारकांना कायद्याने भाडेकरू ठरवलं आणि घरमालकांच्या मनात जी धास्ती बसली ती पुढच्या पिढीनेही वारशात घेतली. १९९७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोठवलेली भाडी अवाजवी ठरवली. १९९९चा नवा कायदा ३१ मार्च २०००पासून लागू झाला, जुन्या भाड्यांना वर्षाला ४ टक्के वाढ मिळाली, पागडीला कायद्याची मान्यताही. पण धास्ती कायद्याने जात नाही. आज महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सचा कुठलाही करार, मुदत कितीही असो, लेखी आणि नोंदवलेला असावा लागतो. म्हणजे वर्षाहून कमी मुदत ठेवून नोंदणी टाळायची, ही अकरा महिन्यांमागची सोय आता उरलेली नाही. तरी करार अकराच महिन्यांचे होतात. कारण विचारलं तर ब्रोकर म्हणतो, असंच असतं.

भाड्याने राहण्याबद्दलचं आजचं मत या अकरा महिन्यांतून घडलेलं आहे. दर वर्षी नवं डिपॉझिट, पुन्हा ब्रोकरेज, पुन्हा टेम्पो, मुलाच्या शाळेच्या बसचा मार्ग बदलणार. त्यात आडनाव विचारणारे, आहार विचारणारे, ‘फॅमिली आहे का’ विचारणारे. अशा माणसाला ‘तुम्हाला भाड्याचं घर हवं की मालकीचं?’ असं विचारून ‘मालकीचं’ हे उत्तर मिळालं तर त्यातून मालकीची ओढ मोजली जात नाही. भाडेव्यवस्थेचा जाच मोजला जातो. १९६१च्या जनगणनेत शहरी भारतातली निम्म्याहून अधिक कुटुंबं भाड्याने राहत होती, २०११मध्ये २७.५ टक्के. मधल्या पन्नास वर्षांत माणसांचा स्वभाव बदलला असं मला वाटत नाही.

याचे परिणाम लोकलच्या डब्यात दिसतात. परळ-लालबागच्या चाळींतली पोरं बदलापूर, नालासोपारा, विरारला गेली. मराठी माणूस मुंबईबाहेर फेकला गेला, असं राजकीय सभांमध्ये सांगितलं जातं. त्यात तथ्य आहेच. पण त्यांतल्या कितींनी दहा वर्षांच्या पक्क्या करारावर परळमध्येच भाड्याने राहणं पसंत केलं असतं? तशी सोयच नव्हती, म्हणून तसा प्रश्नही कुणी विचारला नाही. रोज तीन-चार तासांचा प्रवास ही त्यांनी मालकीसाठी मोजलेली किंमत होती की सुरक्षिततेसाठी? या एका प्रश्नाचं उत्तर हाताशी असतं तर निदान अर्धं गृहनिर्माण धोरण वेगळं लिहिलं गेलं असतं.

न विचारता बांधलं की काय होतं याचे दाखले मुंबई महानगरात उभे आहेत. २००८ साली एमएमआरडीएने, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने, भाडेतत्त्वावरच्या घरांची योजना आणली. कल्पना चांगली होती, भाड्याची घरं सरकारने उभी करायची हे या शहरात कुणीतरी म्हणायला हवंच होतं. खोली १६० चौरस फुटांची, विकासकाला जादा चटई क्षेत्र (एफएसआय), बदल्यात खोल्या प्राधिकरणाला. योजनेत एफएसआयचा हिशेब नेमका होता, भाडेकरू मात्र धूसर. तो कोण, कुठे काम करतो, १६० फुटांत किती माणसं घेऊन येईल, किती वर्षं राहील? शेवटी पनवेलजवळच्या कोनमधल्या अशाच दोन-दोन खोल्या जोडून ३२० चौरस फुटांची घरं झाली आणि २०१६च्या सोडतीत गिरणी कामगारांना मालकीने गेली. भाड्याची योजना फिरून ओनरशिपच्या दारात. आणि ज्यांच्या वाट्याला ती आली त्या गिरणी कामगारांना तरी कोनला राहायचं होतं का? आयुष्य काळाचौकीत आणि डिलाइल रोडवर गेलेली ती माणसं.

चेंबूरजवळच्या माहुलचं तर सगळ्यांना ठाऊक आहे. प्रकल्पबाधितांसाठी ७२ इमारती, १७ हजारांवर घरं, शेजारी तेलशुद्धीकरण कारखाने. तानसा जलवाहिनीलगतची वस्ती हटवून कुटुंबांना तिथे पाठवलं. हवेने आजारी पडलेले लोक रस्त्यावर आणि न्यायालयात गेले, आणि २०१९मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिथे जायला तयार नसलेल्यांना दरमहा १५ हजार रुपये भाडं देण्याचा आदेश दिला. पुढचा भाग जास्त बोलका आहे. २०२५मध्ये महापालिकेने तिथली ९,०९८ रिकामी घरं आपल्याच कर्मचाऱ्यांना साधारण साडेबारा लाखांत विकायला काढली. मुंबईत, साडेबारा लाखांत, ओनरशिप! तरी अर्ज इतके तुरळक आले की मुदत वाढवावी लागली. ‘लोकांना काहीही करून मालकी हवी’ या गृहीतकाची इतकी स्वच्छ परीक्षा एखाद्या अभ्यासकाने मुद्दाम रचली असती तरी जमली नसती.

यावर सरकारी माणसं एक उत्तर देतात आणि ते मला सर्वांत जास्त खटकतं. आम्ही विचारतो की, संमती घेतल्याशिवाय काही होतच नाही. झोपडपट्टी पुनर्वसन योजना १९९५ साली आली तेव्हा ७० टक्के झोपडीधारकांची संमती लागायची, नंतर ती अट ५१ टक्क्यांवर आणली. सोसायट्यांच्या पुनर्विकासातही ५१ टक्के. पण संमती म्हणजे मत नव्हे. संमती असते एका विशिष्ट विकासकाला, एका ठरलेल्या आराखड्याला, एका ठरलेल्या चौरस फुटांना. तिथे ‘नाही’ म्हणण्याचा अर्थ गळक्या छपराखाली आणखी पंधरा पावसाळे. ७०वरून ५१ करताना तरी कुणी पाहिलं का की मधली १९ टक्के माणसं कशाला नाही म्हणत होती? त्यांच्या नकारात धोरणाला लागणारी सगळी माहिती होती. कुंभाराची भट्टी सातव्या मजल्यावर कशी लावायची, लिफ्ट बंद पडली तर पाणी कोण वर नेणार, मेंटेनन्सचे पैसे दर महिन्याला कुठून आणायचे. ती माहिती गोळा करायची सोडून आपण अडथळ्याची उंची कमी केली.

आमच्या गिरगावच्या इमारतीच्या पुनर्विकासासाठी संमतीपत्र घेऊन एक तरुण मुलगा आला होता. आईला चष्म्यातूनही नीट दिसत नव्हतं, सहीचा हात थरथरत होता, म्हणून त्याने शाईचा पॅड पुढे केला. आईने विचारलं, नव्या इमारतीत गॅलरी असणार का, आणि दार उघडं ठेवलं तर समोर माणसं दिसतील का. पोरगा चांगला होता. तो म्हणाला, आजी, ते माझ्या कागदात नाही, तुम्ही इथे अंगठा करा.

मग लोकांना विचारायचं कसं? ‘तुम्हाला मोफत घर हवं का’ असं विचारलं तर शंभरातले शंभर हो म्हणतील आणि अधिकारी ‘बघा’ म्हणून फाइल मिटतील. प्रश्नात किंमत असली पाहिजे. पैशाचीच असं नाही, अंतराची, मजल्याची, काळाची. कामाच्या ठिकाणापासून वीस मिनिटांवर, दहा वर्षं कुणी उठवणार नाही अशा हमीचं भाड्याचं घर एका हाताला आणि दीड तासावर मालकीचं घर दुसऱ्या हाताला. निवडा. मग हमी पाच वर्षांवर आणून पुन्हा विचारा. मग प्रवास एका तासावर आणा. अशा दहा-बारा जोड्यांमधून माणूस मालकीला किती मोल देतो आणि शेजाराला किती, हे त्याच्या भाषणापेक्षा स्पष्ट दिसतं. सर्वेक्षणाच्या शास्त्रात ही पद्धत जुनी आहे. साबण विकणाऱ्या कंपन्यासुद्धा वापरतात, घर बांधणाऱ्या सरकारने वापरायला हरकत नसावी.

इंग्लंडमध्ये दर वर्षी घरांची जी सरकारी पाहणी होते तिच्यात घराबद्दलचं समाधान आणि ज्या हक्काने तुम्ही तिथे राहता त्याबद्दलचं समाधान हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारले जातात. इतकी साधी गोष्ट. घर आवडतं पण भाडेकरार आवडत नाही, किंवा करार पक्का आहे पण घर ओलसर आहे, असं म्हणायला तिथे जागा आहे. भाडेकरूंना पुढे घर विकत घ्यायची आशा आहे का, हेही विचारतात. आपल्याकडच्या राष्ट्रीय नमुना पाहणीने २०१८मध्ये पिण्याचं पाणी, स्वच्छता आणि घरांची स्थिती यांचा तपशील बारकाईने घेतला, ते काम मोलाचंच आहे. पण त्यात भर आहे घराच्या भिंतींवर. भिंतीआडच्या माणसाला काय वाटतं याची वेगळी पाहणी हवी.

कुणाला विचारायचं, हे त्याहून अवघड. दार उघडतो घरातला पुरुष, आणि ‘घरचं मत’ म्हणून त्याचंच लिहिलं जातं. चाळीतून टॉवरमध्ये गेल्यावर पुरुषाला वेगळं संडास-बाथरूम मिळाल्याचा आनंद असतो. बाईलाही असतो, तिला तर जास्तच. पण दारं बंद झाल्यावर पोरांकडे बघायला शेजारीण राहत नाही, हे तिलाच कळतं. दोघांना वेगवेगळं, एकमेकांच्या नजरेआड विचारलं पाहिजे. माळ्यावरच्या भाडोत्र्याला खालच्या मालकासमोर विचारून उपयोग नाही. (भाडोत्री हा शब्दच बघा, गुंडांना लावतो तोच आपण शेजाऱ्यालाही लावतो.) मार्च २०२४मध्ये धारावीत पुनर्विकासासाठी सुरू झालेल्या सर्वेक्षणाचा रोख पुराव्यावर आहे. तळमजल्यावर १ जानेवारी २०००च्या आधीपासून असाल तर धारावीतच ३५० चौरस फूट, २००० ते २०११मधले असाल तर धारावीबाहेर ३०० चौरस फूट, तेही अडीच लाख रुपये भरून, माळ्यावरचे असाल तर भाडे-खरेदी, म्हणजे भाडं भरत भरत पुढे मालकी. म्हणजे कोण मालक होणार आणि कोण भाडेकरू, हे तारीख आणि जिना ठरवणार. तीन महिन्यांसाठी कामाला आलेला बिहारमधला कारागीर कदाचित मालकी मागतही नसेल. त्याला पलंगापुरती स्वच्छ जागा पुरेल. तीस वर्षं माळ्यावर काढलेल्या विधवेला मालकी हवी असेल. दोघं एकाच रकान्यात.

ही पाहणी विकासकाने नेमलेल्या संस्थेने करू नये, आणि ज्या खात्याच्या योजनेबद्दल विचारायचं आहे त्या खात्यानेही नाही. उत्तर दिल्याने आपण पात्र होऊ किंवा अपात्र होऊ, असं ज्या क्षणी माणसाला वाटतं त्या क्षणी तो मत देणं बंद करतो आणि बाजू मांडू लागतो. मुंबईतल्या वस्त्यांना १९७६च्या झोपडी गणनेपासून, झोपडीधारकांना दिलेल्या फोटोपासांच्या काळापासून, ठाऊक आहे की सर्वेक्षणाचा माणूस म्हणजे घर मिळणं किंवा जाणं. म्हणून मतांची पाहणी पात्रतेच्या सर्वेक्षणापासून पूर्ण तोडली पाहिजे. नाव नको, झोपडी क्रमांक नको. एखाद्या विद्यापीठाकडे द्या, प्रश्नावली आधी जाहीर करा आणि नाव-गाव काढलेली सगळी उत्तरं नंतर उघडी ठेवा.

माझ्या म्हणण्यावर एक आक्षेप खरा आहे. लोकांना विचारलं की लोकांचे दुराग्रहही वर येतात. सोसायटीत मुसलमान नको, बॅचलर नको, मासे खाणारे नको. झोपडपट्टीवाल्यांची इमारत आमच्या गेटमधून नको. असं म्हणणारे मोठ्या संख्येने निघतील आणि उद्या एखादा आमदार तेच आकडे फडकवून ‘जनमत’ म्हणेल. ही भीती मला आहे. पण हे दुराग्रह न विचारल्याने नाहीसे होत नाहीत, ते ब्रोकरच्या फोनवर रोज चालूच असतात. भाडेकरूंना नकार किती वेळा, कोणत्या कारणाने मिळतो हे मोजलं तर त्याविरुद्ध कायदा मागता येईल. लोकांचं मत कळणं म्हणजे ते पाळणं नव्हे. तोलायला मात्र आधी ते समोर हवं.

दुसरा आक्षेप वेळेचा. पाहण्या होत राहतील आणि इमारती कोसळत राहतील, असं म्हणतात. दक्षिण मुंबईतल्या उपकरप्राप्त इमारतींकडे, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या इमारतींकडे, पाहिलं की ही घाई पटते. पण वरळीच्या बीडीडी चाळींकडेही पाहा. १९२०च्या दशकातल्या त्या १६० चौरस फुटांच्या खोल्यांतून पहिली ५५६ कुटुंबं ऑगस्ट २०२५मध्ये ५०० चौरस फुटांच्या घरांत गेली. पुनर्विकासाची चर्चा आणि प्रत्यक्ष चाव्या यांच्यामध्ये कित्येक वर्षं गेली. मतांची पाहणी करायला सहा महिने पुरतात. या ५५६ घरांपासूनच सुरुवात करता येईल. आज एकदा विचारा, पहिली मेंटेनन्सची बिलं आल्यावर विचारा, पाच वर्षांनी विचारा. कोण राहिलं, कोणी भाड्याने दिलं, कोणी विकलं आणि का. पुनर्वसनातलं घर विकणाऱ्याला आपण सरसकट लबाड ठरवतो आणि विक्रीबंदीची वर्षं मोजत बसतो. त्याला आजारपणाने गाठलं होतं, धंदा बुडाला होता की विसाव्या मजल्यावर करमत नव्हतं, याची नोंद कुठल्याच दप्तरात नाही.

आई सध्या बोरिवलीला राहते. घर भाड्याचं, भाडं विकासक भरतो, करार अकरा महिन्यांचा, आणि गिरगावात ज्या घराची ती मालकीण होणार आहे त्याच्या जागी अजून खड्डा आहे. भाडेपावत्यांची पुस्तकं तिने बरोबर आणली आहेत. प्रगणक तिच्या दारात आला आणि त्याने स्वतःचं, भाड्याचं की इतर असं विचारलं, तर ती आधी त्याला बसायला सांगेल, पाणी देईल, आणि मग आजोबांनी पागडी दिली त्या वर्षापासून सुरुवात करेल.